यूट्यूब लावलं की डेस्कटॉप गोठतो, एक्सेल-टॅलीला काही होत नाही. मदरबोर्ड बदलू का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: चौथ्या पिढीचा आय५, ४ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. व्हिडिओ लावल्यावर थोड्या वेळानं चित्र थांबतं, आवाज एकाच जागी टर्रर्र करत राहतो आणि पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय. एवढ्यावरून मदरबोर्ड गेला असं ठरवता येत नाही. पैसे थांबवा.

पुढच्या वेळी गोठल्यावर आधी कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद होत असेल तर विंडोज जिवंत आहे, अडकलाय तो ब्राउझर किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर). मग विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा, ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. दिवा हलतच नसेल तर सगळी सिस्टिम बंद पडली आहे. व्हिडिओचा आवाजही अडकतोय, त्यामुळं मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

रीस्टार्टनंतर इव्हेंट व्ह्युअरमध्ये (विंडोजची बिघाडांची नोंदवही) विंडोज लॉग्ज, सिस्टिम उघडा. ४१ नंबरची कर्नल-पॉवरची नोंद बघून घाबरू नका, ती तुम्ही बटण दाबून बंद केल्याची आहे. डिस्प्लेची ४१०१ दिसली तर संशय ड्रायव्हरवर. डिस्कची ७ दिसली तर हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेल्या जागा) आहेत, आधी बॅकअप घ्या.

ड्रायव्हरची चाचणी सोपी आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा, क्रोम पुन्हा सुरू करा आणि तासभर व्हिडिओ चालू द्या. गोठणं थांबलं तर सेफ मोडमध्ये डीडीयूनं (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) जुना ड्रायव्हर काढून इंटेलच्या साइटवरचा तुमच्या प्रोसेसरचा ड्रायव्हर टाका. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'ही बघा. कोडेकच्या (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) ओळीत व्हीपी९ किंवा एव्ही१ असेल तर या पिढीत बराचसा भार प्रोसेसरवर येतो आणि तो तापतो. तापमान एचडब्ल्यूमॉनिटर या प्रोग्रॅममध्ये बघा. ९० अंश सेल्सिअसच्या पुढं जात असेल तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चारही कोपऱ्यांतल्या पिना बोर्डात नीट बसल्यात का ते तपासा, धूळ काढा, प्रोसेसर आणि पंख्यामधली थर्मल पेस्ट बदला.

तरीही गोठत असेल तर रॅमवर या. माझा खरा संशय तिथंच आहे. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच घेतं. फुल एचडीची पडद्यावरची एक फ्रेम साधारण ८ एमबी, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळजवळ २५० एमबी सतत लिहायचं आणि वाचायचं. टॅलीला एवढं लागत नाही, म्हणून रॅममधला कच्चा भाग तिथं सहसा उघडा पडत नाही. त्यात कोल्हापूरचा पावसाळा! दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर धरतो.

वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग दोन्ही रॅम काढा. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या घासा, कण ब्रशनं झाडा, पट्ट्यांना बोट लावू नका. एकच रॅम लावून तासभर व्हिडिओ चालवा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. खात्री करायची तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) घेऊन एकेक रॅम लावून रात्रभर चालू ठेवा. एकही एरर आली तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासा, तिथंही आली तर ती रॅम बाद. आळीपाळीनं कुठलीही रॅम लावली तरी एकाच स्लॉटमध्ये गोठतंय आणि दुसऱ्यात नाही, तर दोष स्लॉटचा.

एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) मात्र मीटरनं पूर्ण कळत नाही. व्हिडिओ चालू असताना पिवळ्या-काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, पण आकडा बरोबर असूनही सप्लाय खराब असू शकतो. ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस दिवसभरासाठी लावून बघणं हीच खरी परीक्षा.

बोर्डवर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर फुगलेले किंवा गळलेले दिसले, किंवा वरचं सगळं करूनही गोठतंय, तरच दुकानदाराचं ऐका. या पिढीचा बोर्ड जुना, वापरलेलाही असू शकतो. कोल्हापुरात राजारामपुरीत घ्या नाहीतर शाहूपुरीत, पैसे देण्याआधी तिथंच तुमचाच प्रोसेसर आणि तुमचीच रॅम लावून अर्धा तास व्हिडिओ चालवून दाखवायला सांगा.