वेअर म्हणजे धरण नव्हे, बंधारा

इंग्लंडमधल्या नदीकाठच्या एका जुन्या पिठाच्या गिरणीचा इतिहास मराठीत आणताना चिपळूणच्या एका वाचकाने 'वेअर'ला धरण लिहिलं आणि 'मिल-रेस'ला कालवा. वाचताना दोन्ही शब्द खटकतात, पण का ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना उत्तर.

खटकतात ते योग्यच. धरण पाणी धरून ठेवतं, महिनोन्महिने. गिरणीचा वेअर साठ्यासाठी नसतो. तो नदीची पातळी थोडी चढवतो, लागेल तेवढं पाणी कडेला वळवतो आणि उरलेलं आपल्या माथ्यावरून जाऊ देतो. हे काम करणारा आपल्याकडचा बंधारा. कोकणात तो अजून पाहायला मिळतो. भात कापून झालं की ओढ्यात धोंडे रचायचे, फटींत पेंढा नि माती दाबायची. पाणी हळूहळू चढतं. माथ्यावरून त्याचा पातळ पदर खाली पडत राहतो आणि वळवलेलं पाणी वायंगणाकडे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या शेताकडे निघतं. हा बंधारा पावसाळ्यातल्या लोंढ्यात वाहून जातो, म्हणून दरवर्षी 'घालायचा'. तुमच्या गिरणीचा दगडी असेल तर तो 'बांधला' लिहा. क्रियापदातला हा फरक जपण्यासारखा आहे.

वायंगणाकडे पाणी ज्यातून जातं तो पाट. तोच तुमचा मिल-रेस. कालवा म्हटलं की तालुकेच्या तालुके भिजवणारं काम डोळ्यांपुढे येतं. जुन्या महसुली भाषेतही पाटाच्या पाण्यावरची जमीन पाटस्थळ, मोटेवरची मोटस्थळ.

चाक फिरवून पुन्हा नदीला मिळणाऱ्या पाण्यालाही तुम्हाला शब्द लागेल, आणि तो तुमच्या गावात रोजच्या बोलण्यात आहे: अवजल. पोफळीला वीज तयार करून कोयनेचं जे पाणी वाशिष्ठीत येतं, तेच. इंग्लंडच्या गिरणीला तो चपखल बसतो, कारण काम करून सुटलेलं पाणी हाच त्याचा अर्थ.

एका ठिकाणी मात्र जपा. 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेत, थेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडमधले 'वेअर' काढून टाकावेत, समुद्रकिनाऱ्यावरचे तेवढे राहू द्यावेत, असं कलम आहे. तिथे रोख मासे धरण्यासाठी नदीत घातलेल्या आडोशांवर आहे. त्या वाक्यात बंधारा लिहिलात तर राजाने पाणचक्क्याच बंद पाडल्या असा समज होईल. आणि त्या काही थोड्या नव्हत्या: 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, इंग्लंडमध्ये सुमारे 6000 चक्क्या होत्या.

आणि हो, शीर्षकात तरी पाणचक्कीच हवी. गिरणी म्हटलं की एकतर पट्ट्यावर धडधडणारी, दळणाचे डबे रांगेत लावलेली आपली गिरण आठवते, नाहीतर मुंबईची कापडगिरणी. पाणचक्की म्हटलं की छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की समोर येते; तिथे हर्सूलकडून नळांनी आणलेल्या पाण्यावर जातं फिरे.

चक्कीच्या दगडांबद्दल लिहाल तेव्हा 'घरट' हा शब्दही वापरून पाहा. संस्कृतातल्या 'घरट्ट'वरून आलेला, मोठ्या जात्याचा शब्द. उत्तराखंडात पाण्यावरच्या चक्कीलाच घराट म्हणतात. दगड गुळगुळीत झाला की त्याला 'टाकी लावतात'. तुमच्या मजकुरात दगडांना पुन्हा खाचा पाडल्याचा उल्लेख असेल तर तिथे हेच लिहा.