बडोद्यात रॉक बँडचा पहिला ईपी (छोटा अल्बम) कमी खर्चात कसा रेकॉर्ड करावा?

स्टुडिओचे पैसे फक्त ड्रमसाठी ठेवा. गिटार, बास, गाणं घरी होतं. क्लिकवर (ताल धरणाऱ्या टिकटिकीवर) गाइड, म्हणजे कच्ची, गिटार आणि गाइड गाणं आधीच रेकॉर्ड करून न्या, ड्रमर त्यावर वाजवेल. स्नेअरचं (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचं) हेड, म्हणजे वरचा पडदा, नवं बसवा. ड्रमच्या वर लावायचे दोन्ही ओव्हरहेड माइक स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर लावा. हे चुकवूच नका! नाहीतर स्नेअरचा आवाज दोन्ही माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि मिक्समध्ये पोकळ वाटतो. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये करा, पीक (आवाजाची सर्वांत मोठी पातळी) उणे १० डीबीच्या आसपास ठेवा. गिटारची डीआय लाइन (अँपशिवाय थेट घेतलेला सिग्नल) वेगळी घ्या, म्हणजे अँपचा टोन नंतरही बदलता येतो. गाणं नवरात्रात रेकॉर्ड करू नका. गरब्याचा बास बंद खिडकीतूनही माइकमध्ये शिरतो.