म्हातारा कुत्रा उठताना अडखळतो, पण केकाटत नाही. त्याला दुखत असेल का?

तुमचा लॅब्रेडॉर 12 वर्षांचा आहे, बसल्या जागेवरून उठायला वेळ लावतो, जिना टाळतो, पण तक्रार करत नाही. घरात आपल्यासाठी आणलेली पेनकिलर त्याला द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. ते आधी सांगतो : देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आता दुखण्याचं. जुनं दुखणं कुत्री अंगावर काढतात, केकाटत बसत नाहीत. आमच्या कुत्रीचं आम्हाला कळलं ते अंग झाडण्यावरून. आंघोळीनंतर डोक्यापासून झाडायला सुरुवात करायची आणि कंबरेपाशी येऊन थांबायची, शेपटीपर्यंत पोचायचीच नाही. पुढच्या एका पायाचा सांधा चाटून चाटून तिथले पांढरे केस तांबूस झाले होते. रात्री उगाच धापा टाकणं, सारखी कूस बदलणं, हात लावल्यावर अंग चोरणं, हीही दुखण्याचीच लक्षणं. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. वयाला औषध नाही, संधिवाताला आहे.

पण प्रत्येक अडखळणं संधिवाताचं नसतं. चालताना मागची नखं फरशीवर घासल्याचा आवाज येतो का, मधल्या बोटांची नखं जास्त झिजलीत का, पंजा उलटा पडतो का, हे बघा. तसं असेल तर दोष मणक्यात किंवा नसांत असू शकतो. म्हातारपणी होणाऱ्या डीजनरेटिव्ह मायलोपथीत (मज्जारज्जूची झीज) मागचे पाय हळूहळू लुळे पडतात, पण त्यात दुखत नाही, त्यामुळे पेनकिलरचा उपयोगही होत नाही. आणि मागचे पाय अचानक गेले तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संधिवातच निघाला तर औषधाइतकंच वजनाकडे बघा. 48 लॅब्रेडॉरवर पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत केलेला एक अभ्यास आहे. त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते) 13 वर्षं भरलं, बाकीच्यांचं 11.2, शिवाय कमी खाणाऱ्यांना संधिवातही उशिरा झाला. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. लॅब्रेडॉर केविलवाण्या नजरेने बघणारच, त्याला इलाज नाही.

औषधांत कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम या पेनकिलर कुत्र्यांचे डॉक्टर सर्रास देतात, डोस वजनावर ठरतो. सुरू करण्याआधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते बघून घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर आवर्जून सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. उलटी किंवा काळी शी झाली तर गोळी थांबवून लगेच फोन करा. संधिवाताच्या दुखण्यावर बेडिनव्हेटमॅब नावाचं महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शनही आता आलंय, ते त्याला चालेल का हे विचारा. ग्लुकोसामाइनच्या डब्यांवर माझा फारसा विश्वास नाही, त्यापेक्षा माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ला जास्त आधार आहे.

घरात पहिलं काम फरशीचं. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि कुत्रा उठायलाच घाबरतो. त्याच्या रोजच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया टाका, नखं वेळेवर कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटा. फिरायला नेणं बंद करू नका, स्नायू गेले की सांध्यांवर आणखी भार येतो. एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या करा. जिन्यावर पोटाखालून टॉवेल घेऊन मागचा भाग उचलून धरा.

डॉक्टरकडे जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढा : झोपेतून उठताना, चालताना, वळताना, बाजूने आणि मागून. दवाखान्यात घाबरून हीच मंडळी अशी तरातरा चालतात की डॉक्टरांना काही दिसतच नाही.