वाचकांचे प्रश्न : साठीनंतर बँडमध्ये वाजवता येईल का?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग परिसरात राहतो आणि बँकेतून निवृत्त झालो आहे. शाळेच्या बँडपथकात मी क्लॅरोनेट वाजवत असे; त्यानंतर वाद्याला हात लावलेला नाही. मुलीकडे अमेरिकेत गेलो असता तेथील गावातले शिक्षक, परिचारिका, निवृत्त मंडळी असे हौशी लोक समोर नोटेशन ठेवून एकत्र वाजवताना पाहिले. आपल्याकडे बँड म्हणजे वरात, आणि शास्त्रीय संगीत म्हणजे लहानपणापासूनची तालीम. या वयात, सांगलीत राहून, असे काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, मात्र त्यासाठी आपण जे पाहिलेत त्याची रचना नीट समजून घ्यावी लागेल. आपण पाहिलात तो कॉन्सर्ट बँड, म्हणजे मुख्यतः फुंकून वाजवायची वाद्ये आणि तालवाद्ये यांचा समूह. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ईस्टमन संगीत विद्यालयाचे प्राध्यापक रॉय अर्न्स्ट यांनी 1991 मध्ये ज्येष्ठांसाठी ‘न्यू होरायझन्स’ हा बँड सुरू केला, तेव्हा पूर्वी कधीही वाद्य न वाजवलेल्यांनाही त्यात प्रवेश होता. हे शक्य होते, कारण अशा बँडमध्ये क्लॅरोनेटवादकांचे साधारणपणे तीन भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाला वेगळे नोटेशन मिळते. तिसऱ्या भागाचे काम बहुतेक वेळ खालच्या, सोप्या स्वरांत चालते. तरीही तो भाग गळला, तर स्वरमेळ पोकळ वाटतो. आपल्या बैठकीत शिकाऊ माणसाला वाजवायचे म्हणजे एकट्याने सर्वांसमोर बसावे लागते, आणि माझ्या मते आपल्याकडील प्रौढ वाद्यापासून दूर राहतात ते वयामुळे नव्हे, तर याच धास्तीने.

आपल्या बोटांना खालचे स्वर लवकर आठवतील, परंतु वरचे स्वर त्रास देतील. बासरीत फुंक बदलली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. क्लॅरोनेटमध्ये अंगठ्याची रजिस्टर-की दाबली की मध्य सप्तकातील षड्जाच्या बोटांवर तार सप्तकातला पंचम उमटतो, त्यामुळे वरच्या स्वरांची बोटे निराळी पाठ करावी लागतात. दुसरी अडचण पेटीवर सराव केलेल्यांना हमखास येते. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरोनेटवर नोटेशनमधला ‘सी’ वाजवला, तर पेटीची काळी पाच ऐकू येते, आणि आल्टो सॅक्सोफोनवर तोच ‘सी’ काळी दोनवर येतो. म्हणून प्रत्येकाच्या हाती आपापल्या वाद्याचाच कागद हवा. एकाच कागदाच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्या, तर पहिल्याच ओळीत गोंधळ उडेल.

गुरू शोधण्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहू नये. वरातीत क्लॅरोनेट वाजवणाऱ्यांचा दम, फुंक आणि ओठांची पकड वर्षानुवर्षांच्या कामातून कमावलेली असते. त्यांच्यापैकी अनेकांना केवळ कानाने वाजवण्याची सवय असते, तेव्हा नोटेशन वेगळे शिकावे लागेल; पण वाद्य त्यांच्याकडूनच शिकावे, ठरलेली फी वेळेवर द्यावी आणि ‘बँडवाला’ या शब्दातला आपला तुच्छतेचा सूर घरी ठेवून जावे. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात, त्यामुळे गणपतीपर्यंत त्यांना सवड असते. सुरुवात त्याच काळात करावी. पावसाळी हवेत पॅड, म्हणजे छिद्रे झाकणाऱ्या कळांखालच्या छोट्या गाद्या, चिकटतात, म्हणून वाजवून झाल्यावर आतून कापड ओढून वाद्य कोरडे करावे. मिरज हाकेच्या अंतरावर आहे म्हणून दुरुस्तीची चिंता नाही, असे समजू नये. मिरजेचा लौकिक सतार आणि तंबोऱ्यांचा आहे. पॅड बदलणारा कारागीर बँडवाल्यांनाच विचारावा. प्रारंभी प्लास्टिकचे वाद्य आणि दोन किंवा अडीच नंबरची रीड (तोंडाशी बसवायची, फुंकेने कंप पावणारी पातळ पट्टी) पुरेशी आहे.

समूहासाठी पन्नास माणसांची वाट पाहू नका. चार क्लॅरोनेट, एखादा सॅक्सोफोन, एक युफोनियम (खालच्या स्वरांचे पितळी वाद्य) आणि साईड ड्रम एवढ्यावरही तीन भागांची रचना बसते. मात्र पहिल्या दिवसापासून एकाने समोर उभे राहून ताल दाखवावा, आणि आपल्या वाट्याला स्वर नसताना मात्रा मोजत गप्प बसण्याचा सराव सर्वांनी करावा. हौशी समूहात सर्वाधिक चुका याच जागी होतात.

प्रश्न : मला काचबिंदू आहे आणि वरचे दात कृत्रिम आहेत. मी ट्रंपेट शिकू शकेन का? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : ट्रंपेट, विशेषतः त्याचे वरचे स्वर, वाजवताना डोळ्यांतील दाब तात्पुरता वाढतो, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वाद्य विकत घेऊ नये. शिवाय ट्रंपेटचा माउथपीस ओठांवर, पर्यायाने पुढच्या दातांवर टेकतो आणि कवळी सैल असल्यास स्वर स्थिर राहत नाही. डॉक्टरांनी नकार दिल्यास तालवाद्यांचा विचार करावा. बास ड्रमला यातली कोणतीच अडचण येत नाही.