तुर्की आशिक, आपले शाहीर आणि पहिला शोधनिबंध

प्रश्न : मी चिपळूण तालुक्यातली. मराठी घेऊन एम.ए. झाले, विशेष विषय लोकसाहित्य. माझे आजोबा शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यात, शक्तीवाल्यांकडून गायचे. ते आता नाहीत, पण त्यांच्या हातच्या तीन वह्या घरात आहेत. लॉकडाऊनमध्ये मालिका बघता बघता तुर्की शिकायला लागले, ऑनलाइन वर्ग केले, बी-१ या मधल्या पातळीची परीक्षा झाली. तुर्कस्तानचं लोकसाहित्य आणि अमूर्त सांस्कृतिक वारसा यांवर निबंध छापावेत, पुढे पीएच.डी. करावी असं वाटतं. युनेस्कोच्या यादीतल्या तुर्की परंपरांचा आढावा घेणारा एक निबंध इंग्रजीत लिहिलाय, सोबत जोडते. एका जर्नलचा मेल आलाय : साडेतीन हजार भरा, सात दिवसांत छापू. बाबा म्हणतात, तुर्कांच्या गाण्यांचं तू काय करणार, बी.एड. कर. मी काय करू?

उत्तर :

पहिलं काम, ते साडेतीन हजार भरू नकोस. सात दिवसांत निबंध छापणारं जर्नल तो वाचत नाही. खऱ्या नियतकालिकात निबंध दोन तज्ज्ञांकडे जातो. त्यांना तुझं नाव कळत नाही, तुला त्यांचं. ते वाचतात, शंका काढतात, तू दुरुस्त करतेस, पुन्हा पाठवतेस. यात महिने जातात, कधी वर्ष. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असेच पैसे भरले होते. मुलाखतीत त्याला त्या जर्नलचं नाव विचारलं आणि सगळ्यांसमोर त्याची मान खाली गेली. निबंध वाईट नव्हता, पण एकदा तिथे छापल्यावर दुसरीकडे देताही येईना. यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादी आता बंद झाली आहे, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी तुझ्यावरच आली. शिवाय २०२२च्या नियमांनंतर पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असण्याची सक्तीही उरलेली नाही. मग घाई कशाला?

तुझा निबंध मी पूर्ण वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे, माहिती बरोबर आहे. कारागोझ छायानाट्य २००९, केश्केक हा समारंभातला पदार्थ २०११, तुर्की कॉफी २०१३, एब्रू ही कागद रंगवण्याची कला २०१४, शिट्टीची भाषा २०१७, सगळी नोंद नीट आहे. पण हे सगळं युनेस्कोच्या संकेतस्थळावर आहे, आणि तुर्की अभ्यासकाला तर ते पाठ आहे. संपादक पहिला प्रश्न विचारतो तो हा की यात आम्हाला माहीत नसलेलं काय आहे. तुझ्या निबंधात याचं उत्तर नाही, तुझ्या पत्रात मात्र एका ओळीत येऊन गेलंय : आजोबांच्या तीन वह्या.

युनेस्कोच्या यादीत तुर्कस्तानची २००९ची आणखी एक नोंद आहे, आशिक परंपरा. तू तिला चार ओळी दिल्या आहेस, मी असतो तर सगळा निबंध तिलाच दिला असता. तिकडे आशिक म्हणजे साझ हे तंतुवाद्य घेऊन गाणारा लोककवी, आपल्या शब्दांत शाहीर. तो उस्तादाच्या हाताखाली शागीर्द म्हणून शिकतो. अनेकांच्या कहाणीत एक स्वप्न असतं : झोपेत पीर येतो, प्याला देतो, आणि जागं झाल्यावर माणूस कवी झालेला असतो. शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव गुंफतो, आपल्या शाहिरांसारखंच. दोन आशिक समोरासमोर बसले की अतिश्मा रंगते. आधी स्वागत होतं, मग जुन्या उस्तादांचं स्मरण, मग खरी झटापट. कुणीतरी यमक देतं. त्याला ते 'आयाक' म्हणतात, म्हणजे पाय. त्या यमकात दोघांनी आळीपाळीने चार-चार ओळींची कडवी तिथल्या तिथे रचायची, ज्याला सुचेना तो हरला. कार्स आणि एर्झुरुममध्ये हे कॉफीखान्यांतून चाले. तुला हे वाचून गण-गवळण झाल्यावर सुरू होणारे सवाल आठवले नाहीत का?

आणि त्यातला एक प्रकार तर तुझ्यासाठीच ठेवल्यासारखा आहे. 'लेब-देय्मेझ', म्हणजे ओठ न लागणारं. आशिक दोन ओठांच्या मध्ये टाचणी उभी धरतो आणि ओठ लागतील असं एकही अक्षर न घेता कडवी रचतो. प, ब, म आले तर टाचणी टोचणार. आपल्या काव्यशास्त्रात याला निरोष्ठ म्हणतात आणि मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं आहे. एक पंडिताच्या बैठकीतलं, दुसरं कॉफीखान्यातल्या गर्दीतलं. हाच खेळ एका ठिकाणी कागदावर आणि दुसऱ्या ठिकाणी रक्त निघण्याच्या धोक्यावर का खेळला गेला, हा प्रश्न मला कधीपासून छळतो आहे. तू तो घेतलास तर मला आनंद होईल.

आता वह्यांकडे ये. तुर्की लोककवींची रचना जुन्या काळी 'जोंक' नावाच्या वह्यांतून उतरवली जाई. लांबट आकाराची, उभी उघडणारी वही. तिच्या आकारावरून लोक तिला बैलाची जीभ म्हणत. कुणी गाणी लिहिली, मध्येच औषधाची कृती, मध्येच कुणाच्या जन्माची तारीख. आपली जुनी बाडं अशीच असतात. तिकडे या जोंकांवर बराच अभ्यास झाला आहे. त्याच्या शेजारी कोकणातल्या शक्तीवाल्याची वही ठेवून पाहायची तर मराठी वाचता येणारं, तुर्की वाचता येणारं आणि ती वही घरात असलेलं माणूस हवं. अशी माणसं किती असतील, तूच बघ.

एक उदाहरण सांगतो, कारण परक्या माणसाला तिथल्या लोककथेत काय जागा, ही शंका तुझ्या पत्रात दिसली. वोल्फ्राम एबरहार्ट हा जर्मन, चीनचा अभ्यासक. चिनी लोककथांच्या प्रकारांची सूची त्याने १९३७ सालीच काढली होती. त्याच वर्षी तो अंकाराला शिकवायला आला आणि तिथे त्याची गाठ पडली पेर्तेव नाइली बोरातावशी. बोरातावकडे गावोगावच्या कथांचा साठा होता, एबरहार्टकडे दुसऱ्या एका मोठ्या परंपरेची सूची करण्याचा हात. दोघांनी मिळून तुर्की लोककथांच्या ३७८ प्रकारांची सूची १९५३ साली जर्मनीत प्रसिद्ध केली. आजही तुर्की कथेवर लिहिणारा तिचे क्रमांक देतो. मधल्या काळात, १९४८ साली, राजकीय आरोपांच्या गदारोळात बोरातावचं अंकाऱ्यातलं लोकसाहित्याचं अध्यासन बंद केलं गेलं. त्याला देश सोडावा लागला, पुढचं आयुष्य त्याने पॅरिसमध्ये तुर्की लोकसाहित्यावरच काम करत काढलं. अमेरिकेतला वॉरन वॉकर आणि अंकाऱ्याचा अहमेत उयसाल यांनी पुढे असंच जोडीने गावोगाव फिरून कथा ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा संग्रह आज टेक्सास टेक विद्यापीठात आहे. दोन्ही जोड्यांत एक बाहेरचा आणि एक घरचा आहे. तुलाही तिकडचा एक जोडीदार लागेल. अंकाऱ्यात हाजी बायराम वेली आणि हाजेत्तेपे या विद्यापीठांत लोकसाहित्याचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथल्या आशिक परंपरेवर लिहिणाऱ्या तरुण संशोधकांचे निबंध वाच आणि एखाद्याला तुर्कीत, चुका झाल्या तरी तुर्कीतच, पत्र लिही. सोबत वहीच्या एका पानाचा फोटो आणि त्याचा तुझा अनुवाद पाठव. उत्तर येईल.

निबंधाचा प्रश्न लहान ठेव. 'तुर्की आणि मराठी लोककाव्य : एक तुलना' असलं काही नको, त्यात जीव गुदमरतो. उलट, अतिश्मेत यमक कोण देतं आणि शक्ती-तुऱ्यात सवालाची चाल कोण ठरवतं, हार कुणी आणि कशी जाहीर करायची, एवढंच घे. त्यासाठी तुर्की बाजूला छापील साहित्य आणि ध्वनिमुद्रणं पुरतील, मराठी बाजूला मात्र तुझं स्वतःचं संकलन हवं. तिकडे संकलनाला 'देरलेमे' म्हणतात आणि माहिती देणाऱ्या माणसाला 'कायनाक किशी', स्रोत-व्यक्ती. निबंधाच्या शेवटी अशा प्रत्येक व्यक्तीची नोंद देण्याची तिथली पद्धत मला फार आवडते, कारण गाणं कुणाचं हे त्यात हरवत नाही. मुलाखतीआधी संमती घे आणि ती लेखी किंवा आवाजात ठेव. 'टीआर दिझिन' ही तिथली नियतकालिकांची राष्ट्रीय निर्देशसूची २०२०पासून माणसांच्या मुलाखतींवर आधारलेल्या लेखांना नैतिकता समितीची परवानगी मागते. तू सध्या कुठल्याच विद्यापीठात नाहीस, म्हणून ही परवानगी तुझ्या एम.ए.च्या विभागातून किंवा तिकडच्या जोडीदाराच्या विद्यापीठातून मिळेल का, ते कामाला सुरुवात करण्याआधी विचार. मागाहून मिळत नाही.

कुठे पाठवायचं? तुर्कस्तानातल्या बहुतेक विद्यापीठीय नियतकालिकांचे अंक 'देर्गीपार्क'वर फुकट वाचता येतात, सरकारी यंत्रणाच ते चालवते. पण देर्गीपार्कवर आहे म्हणून चांगलंच असेल असं नाही, टीआर दिझिनमध्ये नाव आहे का ते बघ. या विषयातलं सगळ्यात वजनदार नाव 'मिल्ली फोल्क्लोर', अंकाऱ्याहून १९८९पासून निघणारं त्रैमासिक. ते कला आणि मानव्यविद्यांच्या आंतरराष्ट्रीय उद्धरणसूचीत आहे, म्हणून तिथे रांग मोठी. पदोन्नतीसाठी गुण हवे असलेले तिथले प्राध्यापकही त्याच रांगेत उभे असतात. तुझा पहिला निबंध तिथे पाठवू नकोस, दुसरा पाठव. पहिल्यासाठी 'फोल्क्लोर/एदेबियात' बघ, किंवा जपानमधल्या नान्झान विद्यापीठाचं 'एशियन एथ्नॉलॉजी', जे कुणालाही फुकट वाचता येतं. त्याआधी आशिकांवर एक लेख मराठीत लिही. आपल्याकडे या परंपरेवर वाचायला फार थोडं आहे, आणि मराठीत समजावून सांगताना तुझं तुला कळेल की काय पक्कं झालंय आणि काय नाही.

अमूर्त वारशाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. तुर्कीत वारशाला शब्द आहे 'मिरास'. तोच अरबी शब्द आपल्या जुन्या कागदांत मिरासदारांबरोबर आला. मिरास म्हटलं की ती कुणाकडून कुणाकडे गेली हा प्रश्न आलाच, आणि २००३च्या युनेस्को करारातही कळीचा मुद्दा हाच आहे : परंपरा पुढच्या पिढीकडे जातेय का. तुर्कस्तानने तो करार २००६ साली स्वीकारला, भारताने २००५ साली. नवरोझ तर दोन्ही देशांच्या नावावर एकाच नोंदीत आहे. पण आशिक यादीत आहेत आणि शक्ती-तुरा नाही. यादीत गेल्यावर तिकडच्या शागिर्दांचं काय झालं, कॉफीखान्यातलं गाणं महोत्सवाच्या मंचावर गेलं की हारजितीची धार राहते का, हे तुला पुढे पीएच.डी.त धरता येईल. आजच्या निबंधात नको.

भाषेचं खरं सांगतो. बी-१वर बोलता येतं, शोधनिबंध वाचता येत नाही. सी-१ या वरच्या पातळीपर्यंत जायला तुला दीड-दोन वर्षं लागतील. तुर्की लिपी १९२८ साली बदलली, त्याआधीचे जोंक अरबी लिपीत आहेत. मोडी न येता पेशवाईवर काम करण्यासारखं होईल ते, म्हणून उस्मानी लिपीही हळूहळू घे. 'तुर्किये बुर्सलारी' या त्यांच्या सरकारी शिष्यवृत्तीत शुल्क, निवास, दरमहा भत्ता, विमा आणि पहिलं वर्ष भाषेचं असतं. पदव्युत्तर अर्जाला ७५ टक्के गुणांची अट आहे, वयाची मर्यादा एम.ए.ला ३० आणि पीएच.डी.ला ३५च्या आत. अर्ज बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत निघतात. तिकडे क्षेत्रकार्य करायचं तर संशोधनाचा परवाना लागतो, तो नसताना ध्वनिमुद्रण घेऊन गावात शिरू नकोस.

बाबांची काळजी खरी आहे, ती खोडून काढू नकोस. फक्त तुर्की लोकसाहित्यावर पोट भरणारी नोकरी आपल्याकडे जवळजवळ नाही. म्हणून प्राध्यापकपदासाठीच्या 'नेट' परीक्षेला बस. त्यात लोकसाहित्य हा स्वतंत्र विषय आहे आणि तुझी मराठीही आहे. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. तुर्की-इंग्रजी अनुवादाचं काम हे जोडीला मिळणारं उत्पन्न. आणि बी.एड. करायचं असेल तर कर, त्याने या कामाचा रस्ता बंद होत नाही. दोन वर्षांत भाषाही चालू ठेवता येते. बाबांना मात्र एक विचार : आजोबांच्या वहीतला कुठला सवाल त्यांना अजून पाठ आहे? आजोबांचा मुलगा आहेत ते, तुझ्या निबंधाची पहिली स्रोत-व्यक्ती कदाचित घरातच बसली असेल.

या आठवड्यात तिन्ही वह्यांच्या प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो काढ, पान क्रमांक घाल, दोन ठिकाणी साठव. मग आजोबांसमोर तुऱ्याकडून उभे राहणारे जे कुणी शाहीर आजूबाजूच्या गावांत अजून असतील, त्यांच्याकडे जा. वय झालेल्या माणसांचं काम आधी. वही पुढे ठेव आणि विचार : आमच्या आजोबांनी घातलेल्या या सवालाला तुम्ही तेव्हा काय जवाब दिला होता?