‘हॅलोवीन’चा पांढरा मुखवटा : चेहरा कोणाचा, साचा कुठला?

दरवर्षी ऑक्टोबर जवळ आला की एकाच मुखवट्याबद्दलची पत्रं माझ्याकडे येऊ लागतात. १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’ चित्रपटातल्या मायकेल मायर्स या खुन्याचा तो पांढरा, भावशून्य चेहरा. रबरी आणि लगद्याच्या मुखवट्यांचं जतन हे माझं काम. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे यावेत यात नवल नाही; पण तेच ऐकीव किस्से, तेच गैरसमज आणि तीच फसवणूक पुन्हा पुन्हा समोर येते. म्हणून यंदा निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरं देते आहे.

हा मुखवटा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा होता म्हणतात. खरं की अफवा? (नाशिक)

खरं आहे. चित्रपटाचं बजेट ३ लाख डॉलरच्या आसपास होतं, खास मुखवटा घडवून घेणं परवडणारं नव्हतं. कलादिग्दर्शन आणि संकलन सांभाळणारे टॉमी ली वॉलेस यांनी हॉलिवूड बुलेवार्डवरच्या दुकानातून डॉन पोस्ट स्टुडिओ या मुखवटे बनवणाऱ्या कंपनीचा कॅप्टन कर्कचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, मुखवटा आणला. किंमत १.९८ डॉलर सांगितली जाते. त्यांनी भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. पर्याय म्हणून विदूषकाचा मुखवटाही समोर होता. दोन्ही घालून पाहिल्यावर निवड लगेच झाली.

मग तो विल्यम शॅटनरसारखा अजिबात का दिसत नाही? (ठाणे)

कारण माणूस ओळखू येतो तो भुवया, डोळे आणि केसांच्या ठेवणीवरून, आणि नेमकं तेच बदललं. पांढऱ्या रंगाने गालांचे उंचसखल भाग सपाट केले, डीन कंडी यांच्या छायाचित्रणाने डोळ्यांच्या जागी काळोख ठेवला. शिवाय रबर ज्याच्या डोक्यावर चढतं त्याच्या हाडांप्रमाणे ताणलं जातं, आणि आत बहुतेक वेळा मायर्सची भूमिका करणारा निक कॅसल होता.

जेसनचा हॉकीचा मुखवटा पहिल्या भागापासून आहे ना? (सोलापूर)

नाही. तो ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या तिसऱ्या भागात, १९८२ साली आला.

‘स्क्रीम’चा मुखवटा मुंकच्या चित्रावरून चित्रपटासाठीच बनवला का? (पणजी)

चित्रपटासाठी नाही. १९९६च्या त्या चित्रपटाची जागा शोधताना तो एका घरात सापडला. फन वर्ल्ड या कंपनीचा बाजारातला माल होता. मुंकच्या १८९३च्या ‘द स्क्रीम’ या चित्राशी साम्य सगळ्यांना दिसतं. मूळ रेखाटन कोणाचं यावर मात्र वाद आहे आणि तो हक्कांचा वाद आहे. त्यावर बोलायचं तर वकिलाने बोलावं.

कर्कचा तो मुखवटा ‘द डेव्हिल्स रेन’ चित्रपटासाठी घेतलेल्या शॅटनरच्या चेहऱ्याच्या ठशावरून बनला, असं सगळीकडे वाचतो. हे पक्कं का? (पुणे)

इथे तीन वेगवेगळी विधानं एकत्र गुंडाळली जातात, ती आधी सुटी करा. वॉलेस यांनी आणलेला मुखवटा डॉन पोस्टचा कर्क होता, हे पहिलं. ते चित्रपट बनवणारेच सांगतात, म्हणून पक्कं. तो कर्क शॅटनरच्या चेहऱ्याच्या प्लास्टर ठशावर आधारलेला होता, हे दुसरं. ते शक्य आहे आणि सर्वत्र सांगितलं जातं. तो ठसा ‘द डेव्हिल्स रेन’साठीच घेतला होता, हे तिसरं, आणि मतभेद आहेत ते इथे. चित्रपट १९७५चा, मुखवटाही १९७५चा. साल जुळलं म्हणून एकातून दुसरं निघालं असं सिद्ध होत नाही.

आणि कारागिरीची एक बाब लक्षात घ्या. जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा ठसा घेताना डोळे मिटलेले असतात, केस झाकलेले असतात. म्हणजे उघडे डोळे, भुवया, केसांची रेषा आणि डोक्यावरून ओढता येईल असा मागचा भाग मातीत घडवावाच लागतो. ठसा वापरला असला तरी मुखवट्यात शिल्पकाराचा हात असतोच. ‘हा थेट शॅटनरचा चेहरा’ हे वाक्य त्यामुळे कधीच पूर्ण खरं नसतं.

न्यू जर्सीत राहतो. एक विक्रेता ‘१९७८च्या मायकेल मायर्सच्या मूळ साच्यातला’ मुखवटा विकतो आहे, सोबत प्रमाणपत्रही देतो. घ्यावा का? आज रात्रीपर्यंतच भाव आहे म्हणतो. (एडिसन)

घेऊ नका. निदान आज रात्री तर नाहीच.

नीट समजून घ्या, कारण ‘साचा’ या एका शब्दावर लोकांचे पैसे बुडताना मी वर्षानुवर्षं पाहते आहे. १९७८ साली मायकेल मायर्सचा साचा नव्हताच. दुकानातला तयार कर्क हाताने बदलला गेला. साचा होता तो कर्कचा, आणि त्यातून कर्कच निघतो: भुवयांसकट, लहान डोळ्यांच्या भोकांसकट. मग ‘मायर्सचा मूळ साचा’ आला कुठून? फार तर कोणीतरी एखाद्या जुन्या कर्कवरून किंवा नकलेवरून नंतर घेतलेला साचा असणार.

नकलेवरून नक्कल काढली की काय होतं ते सांगते. पातळ लेटेक्स, म्हणजे रबराचा चीक, प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषतं, भिंतीला रबराचा थर धरतो, उरलेलं ओतून टाकतात. थर वाळताना आक्रसतो. या आक्रसलेल्या मुखवट्यावरून पुन्हा साचा घेतला, तर पुढचा आणखी लहान निघतो. प्रत्येक पिढीला नाकपुड्यांच्या कडा, ओठांची रेघ, कपाळावरच्या बारीक खुणा बोथट होत जातात. फोटोत हे कळत नाही. हातात घेऊन, मापं घेऊन कळतं.

‘पडद्यावर वापरलेला’ असा दावा असेल तर आणखी सावध व्हा. पहिल्या भागातलाच मुखवटा १९८१च्या दुसऱ्या भागात डिक वॉरलॉक या स्टंटमनने घातला, पुढे तो त्याच्याकडे राहिला आणि त्याच्याकडून एका संग्राहकाकडे गेला. ज्याला ‘तोच’ विकायचा आहे, त्याने या साखळीतली प्रत्येक कडी दाखवली पाहिजे. विक्रेत्यानेच छापून सही केलेलं प्रमाणपत्र म्हणजे पुरावा नव्हे, ती जाहिरात आहे. रात्रीपर्यंतची मुदत तर तुम्ही कोणाला विचारू नये एवढ्यासाठीच असते. माझ्या परिचयातल्या एका तरुणाने अशीच घाई केली. पार्सल उघडलं तेव्हा आतलं रबर ताजं होतं, लेटेक्सचा वासही गेलेला नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

चित्रपटाच्या वस्तूंचं मूल्यांकन करणाऱ्या, विक्रीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला वस्तू प्रत्यक्ष दाखवा. विक्रेता दाखवायला नकार देत असेल तर तेच तुमचं उत्तर.

घरी असा मुखवटा बनवून विकता येईल का? (कोल्हापूर)

स्वतःसाठी बनवा. विकण्याआधी बौद्धिक संपदेच्या वकिलाला भेटा.

नऊ वर्षांच्या मुलाला हॅलोवीनला रबरी मुखवटा घालू द्यावा का? (डॅलस)

लेटेक्सची ॲलर्जी किंवा दमा असेल तर नाही. शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी मुलांनाही तो घालून रस्ता ओलांडू देऊ नका, बाजूचं काही दिसत नाही.

माझा जुना लेटेक्स मुखवटा पिवळा आणि चिकट झाला आहे. खोबरेल तेल लावून पाहिलं, उपयोग नाही. आता दोन वर्षं तसाच पिशवीत आहे. (मुंबई)

दोन वर्षं! तेल नैसर्गिक रबराला फुगवतं आणि कमकुवत करतं. तुम्ही मऊपणा आणायला गेलात आणि नुकसान वाढवलंत. प्रकाश, उष्णता आणि हवेतला ओझोन लेटेक्स खातातच. खुद्द ‘हॅलोवीन’चा मुखवटा तीन वर्षांत, दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणापर्यंत, पिवळट झाला होता, तो निर्माती डेब्रा हिल यांच्या पलंगाखाली पडून होता आणि त्या धूम्रपान करत, असं सांगितलं जातं.

आता तेल, पावडर, साबण काहीही लावू नका. मुखवटा प्लास्टिकच्या पिशवीतून काढा. दुमडलेला असेल तर ओढून सरळ करू नका. आत आम्लमुक्त कागदाचे सैल गोळे भरा, म्हणजे गाल आत बसणार नाहीत. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. अंधाऱ्या, कोरड्या, थंड कपाटात ठेवा आणि या आठवड्यातच वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागात किंवा रबराचं काम जाणणाऱ्या जतनतज्ज्ञाकडे न्या. चिकट झालेलं रबर पूर्ववत होत नाही, पण पुढचा ऱ्हास मंदावता येतो. जाताना आधीचे फोटो आणि तेल कधी लावलं याची तारीख लिहून न्या, पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.