सही चालते आहे तोवर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजीच्या विसरण्याला डॉक्टरांनी आता स्मृतिभ्रंश हे नाव दिलंय. बाबा नोकरीपायी बाहेरगावी, आत्या सणावाराला फोन करणारी, आणि चोवीस तास घरात तू. शेवटी तू दोन प्रश्न विचारलेस : सांभाळणाऱ्याला सरकार काही देतं का, आणि मी नोकरी सोडू का?

पहिल्याचं उत्तर कडू आहे. महाराष्ट्रात म्हाताऱ्या माणसाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी योजना मी तुला दाखवू शकत नाही. केरळात ‘आश्वासकिरणम्’ या योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्यासाठी महिना ६०० रुपये ठरलेत. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात, कलम २४मध्ये, काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो फार मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी. आपल्याकडे जे मिळतं ते आजीला मिळतं. तिच्या आधारवर, तिच्या सहीवर, तिच्या अंगठ्यावर. म्हणून तुला मदत हवी असेल तर रस्ता आजीच्या सहीवरून जातो. ती सही आज चालते आहे. ती चालते आहे तोवर कागद उरकून घे.

आजाराचं नाव पडलं म्हणजे सहीचा हक्क गेला, असं होत नाही. सुरुवातीच्या काळात माणसाला आपलं घर कोणतं, पैसा कुठे आहे, कुणावर विश्वास टाकायचा हे कळत असतं. सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर, आजी ताजीतवानी असते तेव्हा बस तिच्याजवळ. प्रत्येक कागद वाचून दाखव. ‘हे का करायचं’ ते सांग आणि तिला नाही म्हणू दे. तिच्या नकळत घेतलेली सही उद्या आत्याच्या वकिलापुढे टिकणार नाही, आणि टिकली तरी ती घ्यायची नसते.

पहिली बँक. लोक हमखास मुखत्यारपत्र करतात आणि निर्धास्त होतात. १८७२च्या करार कायद्यातलं कलम २०१ सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ढळली की ते अधिकारही संपतात. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते त्याच दिवशी तो कागद रद्दी होतो. त्याऐवजी आजी आणि तू असं संयुक्त खातं उघड, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ या पद्धतीचं. पेन्शनचं खातं तिच्या एकटीच्याच नावाने राहील असं बँक म्हणाली तर वाद घालू नकोस. त्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला संयुक्त खात्यात ठरावीक रक्कम वळती करण्याची स्थायी सूचना आजीच्या सहीने दे. मुदत ठेवींवर नॉमिनी लावलाय का तेही त्याच फेरीत पाहा. आजीचं वय सत्तरच्या वर आहे, तेव्हा घरपोच सेवेची मागणी लेखी दे. सत्तरीपुढच्या ग्राहकांना ती द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७मध्येच बँकांना सांगितलंय. सही डळमळू लागली तर अंगठा चालतो, पण तो दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा.

मग आधार. इथेच बहुतेकांचं अडतं. आजीच्या आधारला जोडलेला नंबर आजोबांच्या जुन्या सिमचा असेल तर ओटीपी कुणालाच मिळणार नाही. घरात जो फोन कायम राहणार तो जोड. बोटांचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळांचा ठसा आणि चेहऱ्याचा फोटो नव्याने घ्यायला सांग. पेन्शनच्या कागदावर ‘लक्ष्मीबाई’ आणि आधारवर ‘लक्ष्मी’ असलं की पुढचा प्रत्येक अर्ज परत येतो, म्हणून नाव आत्ताच जुळव. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, पण मागे आधार नीट असेल तरच.

आधार नीट झालं की त्याच आठवड्यात आयुष्मान वयवंदना कार्ड काढ. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागत नाही. हे फक्त दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना, आणि योजनेत असलेल्याच रुग्णालयांत. गोळ्या, तपासण्या, डायपर यांतलं काही मिळत नाही. आजी पडून मांडीचं हाड मोडलं तर ते कार्ड उपयोगी. अपघाताच्या रात्री ते काढायला धावणं म्हणजे हाल. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आजच लिहून ठेव.

श्रावणबाळ योजनेच्या मागे लागू नकोस. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. पेन्शन असलेल्या घरात तो अर्ज म्हणजे तहसीलच्या फुकटच्या चकरा.

मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यातली एक तरतूद मात्र सोडू नकोस. साध्या कागदावर आजी तुला आपली ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. सही किंवा अंगठा पुरतो. स्मृतिभ्रंशाच्या उपचारांचे निर्णय घेताना मग तू ‘नात, पण अधिकार काय?’ या प्रश्नात अडकत नाहीस. पैशांसाठी तो कागद चालत नाही, हे लक्षात असू दे.

मृत्युपत्र तिला करायचं असेल तर दोन साक्षीदार, त्यांत तू नाहीस, आणि त्याच तारखेचा ‘सही करताना शुद्धीत आणि समजून होत्या’ असा डॉक्टरांचा दाखला.

तू म्हणशील, आजी अजून माझ्याशी गप्पा मारते आणि काका कागद मागतायत. लोक मला यावरून निष्ठुर म्हणतात. म्हणू देत. पूर्वी मीच लोकांना ‘आधी औषधोपचार, मग कागद’ असा सल्ला देत आलो. तो सल्ला चुकीचा होता, आणि त्याचं ओझं आजही आहे माझ्यावर. सही गेल्यावर उरतं काय? बुद्धी गेलेल्या प्रौढाचा पालक नेमायला तालुक्यात खिडकी नाही. कोमात गेलेल्यांच्या कुटुंबीयांना संविधानाच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली; मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये अशाच एका पत्नीला पालक नेमलं. त्यांच्या वाटेने जायची वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून इतका हट्ट धरतोय. सही चालते आहे, पोरी. अजून चालते आहे.

आता शरीराचं. आरोग्य उपकेंद्रातल्या सेविकेला आजीचं नाव नोंदवायला सांग. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात घरी खिळलेल्या वृद्धाला भेट देणं आणि घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवणं हे उपकेंद्राचं काम धरलेलं आहे. ‘असं काही नसतं’ म्हणतील. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे आणि पोच घे. कुशीवर कसं वळवायचं, उचलताना कंबर कशी वाचवायची हे शिकून घे.

आणि नोकरी. राजीनामा लिहू नकोस, निदान बाबा आणि आत्या खर्चाचं बोलायला बसेपर्यंत तरी नाही. अर्धा दिवस मदतनीस ठेवायला किती लागतात ते विचार आणि तो आकडा दोघांपुढे ठेव. ऐकलं नाही तर २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे : अर्ज प्रांताकडच्या न्यायाधिकरणात, महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाह, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल. अर्जदार मात्र आजी. ती असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते, म्हणजे तिथेही तिचीच सही. त्या कायद्यातल्या ‘अपत्य’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात येतात, सून येत नाही. घरोघरी रात्री उठणारी ती असते आणि कायद्याला ती दिसतच नाही, याचा मला राग आहे.

हा अर्ज आत्ता दाखल करायचा नाही. अधिकारपत्र तेवढं करून ठेव.

सोमवारी रजा टाक. आजीचे दोन फोटो, आधार, पॅन, पेन्शनचा आदेश आणि तुझे कागद एका पिशवीत घे. दहाच्या आत बँकेत पोहोच. दुपारी आजी थकते. जमलं नाही तर मंगळवारी परत जा, आणि संध्याकाळी मला फोन कर.

तुझा,
काका